हवेचा ताळेबंद कोणी लिहायचा? अल्पजीवी प्रदूषक, त्यांची मोजणी आणि तिच्यासाठी मिळणारा पैसा

माझी भाची पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. सुधारित चुलींचं काम. परवा तिने एका निधीच्या जाहिरातीतली ओळ पाठवली : ‘अल्पजीवी हवामान-प्रदूषकांचं राष्ट्रीय पातळीवरील मापन सुधारण्यासाठी ना-नफा संस्थांना अर्थसाहाय्य.’ खाली लिहिलं होतं, ‘मामा, हे मराठीत सांग.’

मी कळवलं, अगं, हे मराठीच आहे.

‘मग माणसांच्या मराठीत सांग.’

बरोबर होतं तिचं. या एका ओळीत चार गाठी आहेत : अल्पजीवी म्हणजे काय, मापन म्हणजे नेमकं काय करायचं, ते संस्थांनी का करायचं, आणि पैसा कोणाचा. एकेक सोडवून बघू.

अल्पजीवी म्हणजे किती जगणारे?

कार्बन डायऑक्साइड ही गोधडी समजा. आपण पृथ्वीवर दरवर्षी एक नवी गोधडी टाकतो आणि जुनी काढत नाही. आज सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग आपल्या पणतवंडांच्या काळातही हवेत असेल. मिथेन म्हणजे जाडजूड घोंगडी. ऊब कितीतरी जास्त, पण बारा-एक वर्षांत विरून जाते. वजनाला वजन धरलं तर पहिल्या वीस वर्षांत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतं आणि शंभर वर्षांचा हिशोब मांडला तर २७ ते ३० पट. आकडा बदलतो, कारण घोंगडी विरते.

याच कुटुंबात आणखी तिघं आहेत. काजळी, म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत ब्लॅक कार्बन, हवेत फार तर एक-दोन आठवडे राहते. कंदिलाची काच पुसलेल्यांना ती ओळखीची आहे. काळा सदरा उन्हात जसा तापतो, तशी ती तापते, आणि हिमालयातल्या बर्फावर बसली की बर्फालाही वितळवते. तिसरा जमिनीलगतचा ओझोन. तो कोणी सोडत नाही. मिथेन आणि गाड्यांच्या धुरातले वायू उन्हात शिजून तयार होतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली हिशोब मांडला की २००५ या एका वर्षात ओझोनमुळे भारताचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ गेला. चौथे एचएफसी, म्हणजे एसी-फ्रीजमधला ‘गॅस’. मेकॅनिक ‘गॅस भरून देतो’ म्हणतो तेव्हा आधीचा कुठे गेला, हे आपण त्याला विचारत नाही.

चौघांचं साम्य एवढंच की नळ बंद केला की फरक आपल्याच हयातीत दिसतो. माणसामुळे होणारं मिथेन या दशकात ४५ टक्क्यांनी कमी केलं तर २०४० च्या दशकापर्यंत जवळपास ०.३ अंश तापमानवाढ टळेल, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०२१ च्या मिथेन अहवालात म्हटलंय. तापमानाच्या चर्चेत ०.३ अंश म्हणजे मोठी रक्कम आहे. आतापर्यंतची सगळी वाढच सव्वा अंशाच्या घरातली.

मोजतात कसं? आचारी मोजतो तसं

देशाचं उत्सर्जन मोजतात म्हटलं की डोळ्यांसमोर यंत्रं येतात. प्रत्यक्षात बहुतेक देशांत हे काम लग्नाच्या आचाऱ्यासारखं चालतं. आचारी आधी विचारतो, ‘पानं किती?’ मग एका पानाला तांदूळ किती, जिलेबी किती, तूप किती हे त्याच्या डोक्यात असतं. गुणाकार केला की यादी तयार.

देशाच्या यादीतही हेच. २०१९ च्या पशुगणनेत भारतात गायी-बैल १९.२ कोटी आणि म्हशी जवळपास ११ कोटी निघाल्या. ही झाली पानं. एक जनावर वर्षाला किती किलो मिथेन ढेकरांतून सोडतं, हा झाला पानामागचा जिन्नस. त्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. या एका शब्दाला पर्याय नाही, म्हणून पुढे तोच वापरतो. गुरं, भातखाचरं, कचरा, कोळसाखाणी, गॅसच्या पाइपलाइनी, सगळ्यांचे गुणाकार करून बेरीज केली की देशाचा ताळेबंद होतो. भारताने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या ताळेबंदानुसार २०२० मधल्या एकूण उत्सर्जनात मिथेनचा वाटा सुमारे १३ टक्के होता.

गोची गुणांकात असते. हॉलंडमधली धष्टपुष्ट गाय आणि आपली खिल्लार यांना एकच गुणांक लावला तर यादी कागदावर शुद्ध दिसेल आणि स्वैपाक साफ चुकेल. ज्या देशाकडे स्वतःचे गुणांक नसतात, त्याने आंतरराष्ट्रीय पुस्तिकेतले तयार गुणांक वापरायचे अशी सोय आहे. सोय म्हणून ठीक. पण दुसऱ्याच्या अंगाचा सदरा तो.

काजळीची तर त्याहून मजा. ती वायू नाही, कण आहे, त्यामुळे हवामान कराराखाली देशांनी जो ताळेबंद द्यायचा त्यात तिला सक्तीची जागाच नाही. मेक्सिकोने २०१५ साली आपल्या हवामान-उद्दिष्टात काजळी आपणहून घातली, पुढे चिलीनेही. बाकी बहुतेक देश गप्प. ती मोजायची कशी याची सर्वमान्य पुस्तिकाही अजून यायची आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने तिचा आराखडा २०२४ मध्ये सोफियात मंजूर केला, पुस्तिका २०२७ मध्ये अपेक्षित आहे. मापनासाठीच्या निधीची चर्चा आत्ताच का वाढली, त्याचं एक कारण हे.

पावणेचार कोटी टन की चाळीस लाख?

‘आकड्यांत थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडलं?’ असं वाटत असेल तर ही गोष्ट ऐका. या विषयातली माझी आवडती.

१९९० च्या सुमाराला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अंदाज काढला की भारतातली भातशेती वर्षाला ३.७८ कोटी टन मिथेन सोडते. अंदाजाला आधार होता तो इतर देशांतल्या थोड्याशा मोजण्यांचा, तिथलेच गुणांक भारताच्या क्षेत्रफळाला लावून. त्या काळी आपली निम्मीअधिक भातशेती पावसावर. कुठे खाचरात घोटाभर पाणी, कुठे चार दिवसांत भेगा. मिथेन तयार होतं ते पाण्याखाली कोंडलेल्या, हवा न मिळणाऱ्या चिखलात. चिखल मधूनमधून वाळला की ते थांबतं. हा फरक त्या गुणाकारात कुठेच नव्हता.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले ए. पी. मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये देशभरच्या भातशेतांत प्रत्यक्ष मोजणीची मोहीम काढली. उत्तर आलं सुमारे ४० लाख टन. म्हणजे आपल्या माथी लावलेला आकडा नऊ पटींहून मोठा होता.

हे नुसतं विज्ञानातलं भांडण नव्हतं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या ना-नफा संस्थेने पृथ्वी तापवणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताला बसवलं होतं. १९९१ मध्ये त्या हिशोबाची चिरफाड केली ती दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी. पोटासाठी भात लावणाऱ्याचं मिथेन आणि चैनीसाठी उडवलेलं पेट्रोल एका तागडीत तोलायचं का, हा त्यांचा प्रश्न. म्हणजे आकडा करणारी संस्था आणि तो खोडणारी संस्था, दोन्ही ना-नफा. प्रयोगशाळा मात्र आपल्या सरकारी पैशावर चाललेली. पुढच्या वर्षी रिओच्या पृथ्वी परिषदेत देश जमले तेव्हा भारताच्या हातात स्वतःचा आकडा होता.

माझं म्हणणं एवढंच की मोजणी ही उदात्त, तटस्थ वगैरे गोष्ट नाही. जो मोजतो त्याचा आकडा बाजारात चालतो. न मोजणाऱ्याच्या नावावर दुसरा कोणीतरी आकडा टाकतो.

आता उपग्रह आहेत की! मग चिखलात कशाला उतरायचं?

हा प्रश्न भाचीनेही विचारला. उपग्रहांनी खेळ बदललाय हे खरंच. मुंबईतल्या कांजूरमार्गच्या कचराभूमीचंच बघा. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांच्या कचराभूमी अवकाशातून तपासल्या. कांजूरमार्गमधून ताशी सुमारे ९.८ टन मिथेन निघताना दिसलं. आणि या शहरांचं एकूण मिथेन नेहमीच्या ताळेबंदांतल्या आकड्यांच्या १.४ ते २.६ पट भरलं. पंगतीच्या भाषेत सांगायचं तर आचाऱ्याने यादी दिली दोनशे पानांची, आणि दुसऱ्या दिवशी उष्ट्या पत्रावळी मोजल्या तर चारशे.

उपग्रह म्हणजे या पत्रावळी मोजणं. पण त्यालाही मर्यादा आहेत. ढगाखालचं त्याला दिसत नाही, आणि आपल्याकडे भात नेमका पावसाळ्यात उभा असतो. एका जागी भसकन निघणारं मिथेन तो पकडतो, पण लाखो खाचरांतून आणि गोठ्यांतून झिरपणारं वेगळं काढणं त्याला जड जातं. चूल तर दिसतच नाही. त्यात उपग्रह मरतात. एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड या अमेरिकी ना-नफा संस्थेने देणग्या जमवून, ८.८ कोटी डॉलर खर्चून ‘मिथेनसॅट’ मार्च २०२४ मध्ये सोडला. जून २०२५ मध्ये त्याचा संपर्क तुटला. सव्वा वर्षात खेळ आटोपला. तोवर गोळा केलेली माहिती उपयोगाची आहे, पण एवढ्या पैशांत जमिनीवर किती काटे-डबे-माणसं उभी राहिली असती, हा विचार माझ्या कोकणी मनातून जात नाही.

पैसा नेमका कशावर खर्च होतो?

भातखाचरातली मोजणी मी एकदा बांधावर उभं राहून पाहिली आहे. चिखलात एक चौकट रोवलेली असते, तिच्या काठाला पन्हळीसारखी खाच, खाचेत पाणी. त्यावर रोपांसकट झाकेल असा पारदर्शक ॲक्रिलिकचा डबा उपडा ठेवतात. पाण्यामुळे हवा बाहेर जात नाही. आत बॅटरीवरचा छोटा पंखा फिरत असतो. भाताचं रोप म्हणजे पोकळ नळीच, चिखलातलं मिथेन मुख्यतः त्यातूनच वर येतं. ठरावीक मिनिटांनी डब्याच्या बुचातून इंजेक्शनच्या सिरिंजने हवा ओढायची, बाटलीत भरायची, वेळ लिहायची, पुन्हा थांबायचं. बाटल्या प्रयोगशाळेत जातात. हे लावणीपासून कापणीपर्यंत, दर काही दिवसांनी, वेगवेगळ्या वाफ्यांत. पावसात सिरिंज धरून बसलेल्या मुलाचा पगार, गमबूट, गाडीभाडं, बाटल्या : निधी जातो तो इथे.

काजळीसाठी वेगळं यंत्र असतं. कागदी फितीवरून हवा ओढतात, फितीवर काळा ठिपका उमटतो, त्यातून प्रकाश किती पार जातो यावरून काजळी किती ते कळतं. हवामान खात्याची अशी यंत्रं देशात मोजक्याच ठिकाणी आहेत. ती हवेत किती आहे ते सांगतात. कोणी सोडली, ते सांगत नाहीत. त्यासाठी पुन्हा आचाऱ्याकडे जावं लागतं, म्हणजे चुलीपाशी.

आणि चुलीपाशी भाची बसलेली असते. भोरकडच्या वाड्यांवर सकाळी घरातला सरपणाचा ढीग वजन करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचा. जेवढा कमी झाला तेवढा जळला. सोपं? एका घरी तीन दिवस लाकूड हललंच नाही. शेवटी मावशी म्हणाल्या, ‘तुम्ही येताय म्हणून गॅसवरच केलं हो सगळं.’ कागदावर ते गॅसचं घर आहे, सिलिंडरची नोंद आहे. प्रत्यक्षात चहा गॅसवर, भाकरी चुलीवर आणि आंघोळीचं पाणी बाहेरच्या तीन दगडांवर. सरकारी आकड्यात जोडणी दिसते, हे तीन दगड दिसत नाहीत. मुंबई आयआयटीतल्या चंद्रा वेंकटरामन यांनी २००५ मध्येच दाखवलं होतं की भारतातल्या काजळीचा सर्वांत मोठा स्रोत घरगुती लाकूड-गोवऱ्या हाच आहे. पुढे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या आधाराने त्यांच्या नेतृत्वाखाली देशभरच्या वीसेक संस्थांचं जाळं काजळीच्या मोजणीसाठी उभं राहिलं. म्हणजे हे आपल्याला जमतं.

मग परदेशी निधी कशाला, आणि तोही संस्थांना?

अशा निधीचा एक मोठा झरा म्हणजे क्लायमेट अँड क्लीन एअर कोॲलिशन. २०१२ मध्ये सहा देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासोबत ही आघाडी काढली. अमेरिका, कॅनडा, स्वीडन आणि मेक्सिको यांच्या जोडीला घाना आणि बांगलादेश पहिल्या दिवसापासून होते. भारत २०१९ मध्ये सामील झाला. पद्धत साधारण अशी की गरज देशाच्या सरकारने सांगायची, पैसा आघाडीच्या निधीतून, आणि काम ना-नफा संस्था, विद्यापीठं किंवा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी करायचं.

बांगलादेशात याचं रूप बघायला मिळतं. स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूट या ना-नफा संस्थेने ‘लीप’ नावाचं सॉफ्टवेअर केलंय. गरीब देशांच्या सरकारांना आणि संस्थांना ते फुकट मिळतं. त्यात वीटभट्ट्या, चुली, खाचरं यांची पानं-जिन्नस भरले की हवामान, आरोग्य आणि पीक तिन्हींवरचा परिणाम एकत्र दिसतो. ढाक्यातल्या पर्यावरण विभागाने ही मदत घेऊन २०१८ मध्ये राष्ट्रीय आराखडा काढला. सगळं अमलात आलं तर, काहीच न केल्याच्या तुलनेत, २०३० मध्ये काजळी ४० टक्के आणि मिथेन १७ टक्के कमी, असा त्याचा हिशोब.

‘हे सरकारचं काम नाही का?’ आहे. पण सरकारी बाबूची बदली होते आणि त्याच्याबरोबर एक्सेलची फाइलही जाते. संस्था गावात टिकून असते, मावशींच्या परसदारी जाऊ शकते, आणि सरकारी आकड्याला ‘हे पटत नाही’ म्हणू शकते. आपल्याकडे काही संस्थांनी मिळून राज्यवार उत्सर्जनाचे आकडे सर्वांसाठी खुले केले, तेव्हाच महाराष्ट्राचं स्वतंत्र चित्र सामान्य माणसाला बघता आलं.

परदेशी पैशाचा संशय मला समजतो. मात्र भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या राष्ट्रीय अहवालांच्या तयारीलाही जागतिक पर्यावरण निधीचं अनुदान होतंच. पैसा कोणाचा यापेक्षा कच्चा आकडा कोणाच्या कपाटात राहतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. करारात ते लिहून घ्यावं. शिवाय कायद्याचा चाप आहेच. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय परदेशी देणगी घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरतो, कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्के झाली, आणि एका संस्थेने दुसरीला पैसे देणं बंद झालं. शेवटच्या अटीचा फटका मोजणीला सर्वांत जास्त. दिल्लीतल्या मोठ्या संस्थेने अनुदान घेऊन भोरच्या, गोंदियाच्या, कर्जतच्या छोट्या संस्थांत वाटून द्यावं, ही पूर्वीची रीत आता चालत नाही. आणि चिखल-चुली आहेत त्या तिकडेच.

शेतकऱ्यावर बालंट येणार नाही ना?

ही भीती फुकाची नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत १०० हून अधिक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करण्याचा जाहीरनामा काढला. भारत त्यात गेला नाही. आपलं मिथेन मुख्यतः अल्पभूधारकाच्या गोठ्यातून आणि खाचरातून येतं, ते पोटाचं आहे, ही सरकारची भूमिका. मला ती पटते. पण या भूमिकेलाही आकडाच लागतो. १९९१ ची मोजणी झाली नसती तर भात लावणाऱ्यावर नऊपट आरोप तसाच राहिला असता. मोजून घेणं म्हणजे वकील नेमणं, आणि वकील नेमला म्हणून गुन्हा कबूल होत नाही.

मोजून धूर कमी होतो का?

नुसतं मोजून नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने उपग्रहातून दिसलेल्या मोठ्या मिथेन-गळतींबद्दल दोन वर्षांत सरकारांना आणि कंपन्यांना सुमारे १२०० सूचना पाठवल्या. २०२४ च्या अखेरीस हिशोब निघाला तेव्हा उत्तर आलं होतं फक्त एक टक्क्याला. बाकीच्यांनी ब्लू टिकसुद्धा दिली नाही म्हणायचं. पण त्या एका टक्क्यात अल्जीरियातली एक गळती होती. १९९९ पासून चालू, वर्षाला सुमारे २७,५०० टन. सूचना गेली, गळती थांबली. पाव शतक ती तशीच वाहत होती.

भाचीने प्रस्ताव लिहायला घेतलाय. काल रात्री पुन्हा फोन आला. मला वाटलं, आता ओझोन समजावून सांगावा लागणार.

‘मामा, वजनकाटा दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यायचा खर्च कुठल्या रकान्यात टाकू? आमचे साहेब म्हणतायत, इतकं बारीक नको, कापून टाक.’

‘उपकरणांत टाक,’ म्हटलं, ‘आणि तिन्ही वर्षांचा टाक.’